चलांच्या दोन संचांमधील नाते: कॅनॉनिकल सहसंबंध आणि त्याच्या जवळच्या पद्धतींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण किनाऱ्यावर मत्स्यशास्त्र, उद्यानविद्या आणि मृदाशास्त्राचे प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आपली आकडेवारी घेऊन संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडे येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा एकाच जातीचे असतात. एका बाजूला पाण्याची, मातीची किंवा हवामानाची अनेक मापे असतात, दुसऱ्या बाजूला जीवांची, झाडांची किंवा फळांची अनेक मापे असतात, आणि या दोन बाजूंचा एकमेकींशी काय संबंध आहे हे त्यांना सांगायचे असते. गेल्या काही वर्षांत मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणांतील आकडे गणित समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही खाडीवर प्रत्यक्ष मोजलेले नाहीत.

चलांच्या दोन संचांमधील नाते म्हणजे नेमके काय?

भाट्ये येथे काजळी नदीच्या मुखाशी तिसऱ्यांचा अभ्यास करायचा आहे असे समजू. दर खेपेला आपण पाण्याची क्षारता, तापमान, विद्राव्य ऑक्सिजन आणि गढूळपणा मोजतो. हा चार चलांचा पहिला संच झाला. त्याच ठिकाणी, त्याच वेळी चौरस मीटरमागे किती तिसऱ्या मिळाल्या, शिंपल्याची सरासरी लांबी किती आणि आतील मांसाचे वजन किती हेही नोंदवतो. हा तीन चलांचा दुसरा संच झाला. क्षारता वाढली की मांसाचे वजन वाढते का, हा एका चलाच्या एका चलाशी असलेल्या नात्याचा प्रश्न आहे. संपूर्ण पाणी, म्हणजे ही चारही मापे मिळून जी स्थिती दाखवतात ती, तिसऱ्यांच्या संपूर्ण स्थितीशी कोणकोणत्या दिशांनी बांधलेली आहे, हा संचाच्या संचाशी असलेल्या नात्याचा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न पहिल्या प्रकारच्या बारा प्रश्नांची बेरीज नव्हे, हे एकदा ध्यानात आले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

मग बाराच्या बारा सहसंबंध (दोन मापे किती एकत्र बदलतात हे सांगणारे −१ ते १ मधले आकडे) काढून त्यांतील लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने येणे अवघड असलेले, तेवढे सांगितले तर काय बिघडते?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली योगायोगाची आहे. पाच टक्के पातळीवर बारा चाचण्या केल्या आणि त्या परस्परांपासून स्वतंत्र असत्या, तर मुळात कोठेही संबंध नसताना निदान एक तरी चाचणी लक्षणीय येण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के असते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी उतरले की क्षारता घटते, गढूळपणा वाढतो आणि तापमानही बदलते. ही मापे एकत्र हलतात. त्यामुळे बारापैकी सात सहसंबंध लक्षणीय आले, तरी ती सात नाती नसून एकच नाते सात वेळा मोजले गेलेले असू शकते, आणि सुट्या सहसंबंधांचा तक्ता हे कधीच सांगत नाही.

असे संचाचे संचाशी नाते मोजणारी कॅनॉनिकल सहसंबंधाची पद्धत कोणी आणि कधी मांडली?

हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९३५ आणि १९३६ मधील दोन लेखांत ही पद्धत मांडली. त्यांपैकी १९३६ चा विस्तृत लेख ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात आला. त्यात इयत्ता सातवीच्या १४० मुलांच्या गुणांचे उदाहरण होते: एका संचात वाचनाचा वेग आणि वाचनाची क्षमता, तर दुसऱ्या संचात अंकगणिताचा वेग आणि अंकगणितातील क्षमता. पहिला कॅनॉनिकल सहसंबंध ०.३९४५ आणि दुसरा ०.०६८८ आला. या पद्धतीमागची भूमिती मात्र त्याहून जुनी आहे. दोन उपावकाशांमधील कोन मोजण्याची कल्पना फ्रेंच गणितज्ञ कामिय जॉर्दां यांनी १८७५ मध्येच मांडली होती, आणि कॅनॉनिकल सहसंबंध म्हणजे याच कोनांच्या कोसाइनच्या किमती होत.

कॅनॉनिकल सहसंबंध काढताना प्रत्यक्षात काय केले जाते?

पहिल्या संचातील चलांना काही भार देऊन त्यांचे एक मिश्रण तयार केले जाते आणि दुसऱ्या संचातील चलांचेही तसेच एक मिश्रण तयार केले जाते. या दोन मिश्रणांमधील सहसंबंध जास्तीत जास्त होईल असे भार शोधले जातात. तो सर्वांत मोठा सहसंबंध म्हणजे पहिला कॅनॉनिकल सहसंबंध, आणि ती दोन मिश्रणे म्हणजे कॅनॉनिकल चलांची पहिली जोडी. त्यानंतर पहिल्या जोडीशी अजिबात सहसंबंध नसलेली दुसरी जोडी त्याच रीतीने शोधतात. अशा जोड्या फार तर लहान संचात जितकी चले आहेत तितक्या मिळतात. वरच्या उदाहरणात तीन.

हाताने सोडवता येईल असे एक उदाहरण घेऊ, कारण संगणकाने दिलेल्या तक्त्यापेक्षा त्यातून अधिक कळते. एका खाडीत ४० खेपांमध्ये भरतीच्या वेळची क्षारता आणि ओहोटीच्या वेळची क्षारता मोजली. हा पहिला संच. मुखाकडच्या पट्ट्यातील तिसऱ्यांची घनता आणि आतल्या पट्ट्यातील घनता हा दुसरा संच. सर्व मापे प्रमाणित केली आहेत, म्हणजे प्रत्येकाची सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन एक आहे. दोन क्षारतांमधील सहसंबंध ०.८ आणि दोन घनतांमधील सहसंबंधही ०.८ आहे असे समजा. भरतीच्या क्षारतेचा मुखाकडच्या घनतेशी आणि ओहोटीच्या क्षारतेचा आतल्या घनतेशी सहसंबंध ०.५५ आहे, तर उरलेल्या दोन तिरक्या जोड्यांचा ०.४ आहे. अशी समतोल मांडणी असली की शोधायची मिश्रणे फक्त दोन प्रकारची निघतात: बेरीज आणि वजाबाकी.

दोन क्षारतांची बेरीज आणि दोन घनतांची बेरीज यांतील सहसंबंध (०.५५ + ०.४) ÷ (१ + ०.८), म्हणजे ०.५२८ येतो. दोन क्षारतांची वजाबाकी आणि दोन घनतांची वजाबाकी यांतील सहसंबंध (०.५५ − ०.४) ÷ (१ − ०.८), म्हणजे ०.७५ येतो. मूळ चार सहसंबंधांपैकी एकही ०.५५ च्या वर नसताना ०.७५ इतके नाते समोर आले आहे, आणि त्याला अर्थही आहे: भरती आणि ओहोटी यांच्या क्षारतेत जितका फरक, तितकी मुखाकडची वस्ती आतल्या वस्तीपेक्षा वेगळी. सुट्या सहसंबंधांच्या तक्त्यात हे नाते दडून राहिले असते.

म्हणजे ०.७५ हेच सर्वांत महत्त्वाचे नाते, असे लिहावे का?

तसे लिहू नये, आणि या पानावरच्या सर्व उत्तरांपैकी हे उत्तर सर्वांत सावकाश वाचावे अशी माझी विनंती आहे.

वरच्या उदाहरणात दोन क्षारता एकमेकींशी ०.८ ने बांधलेल्या आहेत, म्हणजे बहुतेक वेळा त्या एकत्रच वाढतात आणि एकत्रच घटतात. त्यांच्या एकूण प्रचरणापैकी, म्हणजे आकड्यांच्या एकूण चढउतारापैकी, ९० टक्के बेरजेच्या दिशेने आहे आणि वजाबाकीच्या दिशेने केवळ १० टक्के आहे. घनतांचेही तसेच आहे. आता ०.७५ चा वर्ग ०.५६२५ होतो, पण तो त्या १० टक्क्यांपुरताच लागू पडतो. म्हणून वजाबाकीच्या जोडीतून दुसऱ्या संचाचे केवळ ५.६ टक्के प्रचरण समजते. बेरजेच्या जोडीत सहसंबंध लहान असला, तरी ०.५२८ चा वर्ग ९० टक्क्यांना लागू होत असल्यामुळे सुमारे २५ टक्के प्रचरण समजते. या मापाला रिडन्डन्सी निर्देशांक म्हणतात. स्टुअर्ट आणि लव्ह यांनी तो १९६८ मध्ये सुचवला. प्रबंधात कॅनॉनिकल सहसंबंधाशेजारी हा निर्देशांक दिलेला नसेल, तर ते नाते दोन बारीक धाग्यांमधले आहे की दोन दोरखंडांमधले, हे वाचकाला कळायला मार्गच राहत नाही.

यावरून वजाबाकीची जोडी बिनकामाची आहे असेही समजू नये. खाडीच्या जीवशास्त्रात ती कदाचित अधिक बोलकी ठरेल. मात्र तिला ‘सर्वांत बळकट’ म्हणणे आणि ‘सर्वांत अधिक उलगडा करणारी’ म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लिहिणाऱ्याने आपण यांतील कोणती म्हणतो आहोत हे स्पष्ट केलेच पाहिजे.

अर्थ लावताना गुणांक पाहावेत की लोडिंग?

दोन्ही पाहावेत, पण नाव देताना लोडिंगवर विसंबावे. गुणांक म्हणजे मिश्रण करताना चलाला दिलेला भार. लोडिंग म्हणजे मूळ चलाचा तयार झालेल्या मिश्रणाशी असलेला सहसंबंध. वरच्या उदाहरणात वजाबाकीच्या मिश्रणात दोन्ही क्षारतांचे गुणांक १.५८ आणि −१.५८ इतके मोठे दिसतात, परंतु त्यांची लोडिंग्ज फक्त ०.३२ आणि −०.३२ आहेत. बेरजेच्या मिश्रणात नेमके उलट घडते: गुणांक ०.५३ आणि लोडिंग ०.९५. संचातील चले एकमेकांशी घट्ट बांधलेली असली की गुणांक फुगतात, चिन्हे बदलतात आणि दोनचार नोंदी काढल्या किंवा घातल्या तरी कोठच्या कोठे जातात.

माझ्या मित्राच्या संगणकावर सर्व चिन्हे उलटी आली. कोणाचे चुकले?

कोणाचेच चुकलेले नाही. एका जोडीतील दोन्ही मिश्रणांची चिन्हे एकाच वेळी उलटवली, तर सहसंबंध तोच राहतो.

लक्षणीयता कशी तपासावी?

प्रचलित मार्ग विल्क्सच्या लॅम्डाचा आहे. प्रत्येक कॅनॉनिकल सहसंबंधाचा वर्ग एकातून वजा करून उरलेल्या संख्यांचा गुणाकार करावा; आपल्या उदाहरणात ०.४३७५ गुणिले ०.७२१५ म्हणजे ०.३१६. बार्टलेट यांच्या सूत्राप्रमाणे या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमला (नोंदींची संख्या उणे एक उणे दोन्ही संचांतील एकूण चलांत एक मिळवून त्याचे निम्मे) या संख्येने गुणून चिन्ह बदलावे. येथे ३९ मधून २.५ वजा करून ३६.५ येतात, आणि उत्तर सुमारे ४२ येते. दोन गुणिले दोन, म्हणजे चार मुक्तता मात्रांसाठी (डिग्रीज ऑफ फ्रीडम) काय-वर्गाची पाच टक्क्यांची सीमा ९.४९ आहे, तेव्हा दोन संच असंबद्ध आहेत हे गृहीतक टिकत नाही. पहिली जोडी बाजूला ठेवून उरलेल्या जोडीची तपासणी त्याच रीतीने केली, तर सुमारे ११.९ येतात आणि एका मुक्तता मात्रेसाठी सीमा ३.८४ आहे.

ही चाचणी बहुचल प्रसामान्य वितरण आणि परस्परांपासून स्वतंत्र नोंदी गृहीत धरते. खाडीवरची किंवा बागेतली आकडेवारी यांपैकी पहिली अट क्वचित पाळते, म्हणून एका संचातील ओळींचा क्रम हजारो वेळा यादृच्छिकपणे पालटून केलेली क्रमपालट चाचणी मला अधिक भरवशाची वाटते. दुसऱ्या अटीविषयी पुढे पावसाळ्याच्या प्रश्नात लिहिले आहे.

किती नोंदी लागतात?

विद्यार्थ्यांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त लागतात. समजा आठ चले आहेत, त्यांचा एका नवव्या चलाशी काडीचाही संबंध नाही आणि आपल्याकडे २५ नोंदी आहेत. तरीही बहुगुणी सहसंबंधाच्या वर्गाची अपेक्षित किंमत ८ भागिले २४, म्हणजे एक तृतीयांश येते. मूळ सहसंबंध सुमारे ०.५८ दिसतो, आणि तो निव्वळ योगायोगाचा असतो. दुसऱ्या बाजूलाही अनेक चले ठेवली, तर पहिला कॅनॉनिकल सहसंबंध त्याहूनही वर जातो, कारण पद्धतीला निवड करायला दोन्हीकडे मोकळीक मिळते. दोन्ही संचांतील एकूण चलांची संख्या नोंदींइतकी किंवा जास्त झाली, की सहसंबंध नेमका एक येतो. एका विद्यार्थिनीने मोठ्या आनंदाने ‘परिपूर्ण नाते सापडले’ असे सांगत मला तक्ता दाखवला होता. त्यात १२ नोंदी आणि १३ चले होती. तिने वर्षभर होडीतून केलेली मेहनत खरी होती, म्हणूनच तिला हे सांगताना मला जड गेले.

एका चलामागे दहा नोंदी हा सर्वसाधारण संकेत आहे, आणि लोडिंगचा अर्थ लावायचा असेल तर वीस असाव्यात असे मी सुचवतो. इतक्या नोंदी मिळणार नसतील, तर चले कमी करावीत, आणि तीही आकडे पाहून नव्हे तर होडी पाण्यात उतरण्यापूर्वी, विषयाच्या ज्ञानावरून.

कोकणात सगळेच पावसाबरोबर बदलते. त्याचे काय करावे?

येथील वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे जे जे काही मासिक मोजावे ते ते पावसाबरोबर वरखाली होते, आणि बारा महिन्यांच्या आकडेवारीत खाडीच्या क्षारतेचे नाते अगदी डोंगरावरच्या झऱ्याच्या प्रवाहाशीही ‘सिद्ध’ होते. दोन संच एकाच ऋतुचक्रावर स्वार असले, तर कॅनॉनिकल विश्लेषणातील पहिली जोडी बहुधा त्या ऋतुचक्राचेच दुसरे नाव असते.

यावर उपाय आंशिक कॅनॉनिकल विश्लेषणाचा. दोन्ही संचांतील प्रत्येक चलातून आधी ऋतूचा भाग समाश्रयणाने (रिग्रेशनने, म्हणजे एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधून) काढून टाकावा, आणि जे अवशेष उरतात त्यांच्यावर विश्लेषण करावे. ऋतूसाठी महिन्यांचे गट घेता येतात किंवा वर्षाच्या चक्राची साइन आणि कोसाइन ही दोन चले घेता येतात. खाडीवर काम असेल, तर भरतीओहोटीची वेळ आणि उधाण (मोठी भरतीओहोटी) की भांग (लहान भरतीओहोटी) याचाही भाग काढावा. होडी मिळेल तेव्हा जाऊन घेतलेल्या नमुन्यांत काही उधाणाच्या भरतीचे आणि काही भांगाच्या ओहोटीचे असतात. ती नोंद वहीत केलेली नसेल, तर नंतर कोणतेही गणित तो दोष दूर करू शकत नाही. लागोपाठच्या नोंदी एकमेकींसारख्या असतात, म्हणून क्रमपालट चाचणीही सरसकट न करता एका खाडीच्या आणि एका ऋतूच्या नोंदी आपापसांतच पालटून करावी.

मातीतील वाळू, पोयटा आणि चिकणमातीचे टक्के एका संचात घातले, तर प्रोग्रॅम चालत नाही. असे का?

या तीन टक्केवारींची बेरीज नेहमी १०० असते, त्यामुळे तिसरी पहिल्या दोहोंवरून ठरते आणि मॅट्रिक्सचा व्यस्त निघत नाही. एक टक्केवारी वगळली की प्रोग्रॅम चालतो, पण अर्थाची अडचण कायम राहते, कारण एक भाग वाढला की दुसरा घटणारच. जॉन एचिसन यांनी १९८० च्या दशकात सुचवल्याप्रमाणे भागांच्या गुणोत्तरांचे लॉगॅरिदम घेणे हा योग्य मार्ग आहे. जांभ्या मातीच्या बागा आणि खाजणाकाठच्या खारजमिनी यांची तुलना करताना याचा विशेष उपयोग होतो.

माझ्याकडे तीस जातींच्या माशांची संख्या आहे आणि बहुतेक रकाने शून्य आहेत. हीच पद्धत वापरू का?

वापरू नये. येथे दोन बाजू सारख्या नाहीत. पाण्यावरून माशांचे स्पष्टीकरण हवे आहे, उलट नको. त्यासाठी व्हान डेन वोलेनबर्ग यांनी १९७७ मध्ये मांडलेले रिडन्डन्सी विश्लेषण आहे, जे दुसऱ्या संचाचे समजलेले प्रचरणच जास्तीत जास्त करते. जातींच्या संख्यांना आधी हेलिंगर रूपांतर दिले, म्हणजे प्रत्येक नमुन्यातील जातीच्या प्रमाणाचे वर्गमूळ घेतले, तर शून्यांचा त्रास बराच कमी होतो. दुसरा पर्याय कायो तेर ब्राक यांच्या १९८६ मधील कॅनॉनिकल कॉरस्पॉन्डन्स विश्लेषणाचा आहे. मुखापासून आत जाताना एखादी जात आधी वाढते आणि मग घटते, तेव्हा तो चांगला बसतो. दाभोळच्या किंवा जयगडच्या लांबलचक खाडीत अशी स्थिती असणे स्वाभाविक आहे. या पद्धतीचे आणि कॅनॉनिकल सहसंबंध विश्लेषणाचे संक्षिप्त नाव एकच, म्हणजे ‘सीसीए’, असल्यामुळे प्रबंधात पूर्ण नावच लिहावे.

हापूसच्या फळावर न कापता प्रकाशमापन करून गोडी, आम्लता आणि साका (फळाचा गर आतून बिघडण्याचा दोष) यांचा अंदाज घ्यायचा आहे. तरंगलांबींची शेकडो मापे आहेत, फळे मात्र ऐंशीच. काय करावे?

येथे आंशिक न्यूनतम वर्ग पद्धत, म्हणजे पीएलएस, वापरावी; तिचा पाया हर्मन वोल्ड यांनी घातला. कॅनॉनिकल विश्लेषण दोन मिश्रणांचा सहसंबंध वाढवते, तर पीएलएस त्यांचे सहप्रचरण, म्हणजे चढउताराचा आकारही धरून मोजलेले एकत्र बदलणे, वाढवते. त्यामुळे ज्या दिशेत फारसा चढउतारच नाही, तिच्याकडे ती आकृष्ट होत नाही, आणि चले नोंदींपेक्षा जास्त असली तरी ती कोलमडत नाही. क्षारतेच्या उदाहरणात पीएलएसने वजाबाकी सोडून बेरजेची जोडीच आधी निवडली असती. साका आहे की नाही हे हो-नाही स्वरूपाचे चल आहे, म्हणून त्याचे प्रतिमान वेगळे बांधावे. किती घटक ठेवायचे हे बाजूला राखलेल्या फळांवर तपासून ठरवावे, आणि ती फळे शक्यतो दुसऱ्या बागेतील किंवा दुसऱ्या हंगामातील असावीत. एकाच झाडाची फळे दोन्हीकडे विभागली, तर अंदाज खोटाच अचूक दिसतो.

समाश्रयण आणि विविक्तकर विश्लेषण (मापांवरून गट वेगळे ओळखण्याची पद्धत) यांच्याशी या पद्धतीचे नाते काय?

ही दोन्ही या पद्धतीची विशेष रूपे आहेत. एका संचात एकच चल असेल, तर कॅनॉनिकल सहसंबंध म्हणजे बहुगुणी समाश्रयणातील सहसंबंध. एका संचात गट दाखवणारी शून्य-एक चले असतील, उदाहरणार्थ नमुना बाणकोटचा, पूर्णगडचा की विजयदुर्गचा, तर तेच विविक्तकर विश्लेषण होते. फक्त दोन गट असतील, तर त्यातून मिळणारा सहसंबंध आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले अंतर यांत एकावरून दुसरे थेट काढता येते.

दोनहून अधिक संच असतील तर?

पाणी, गाळ आणि जीव असे तीन संच असतील, तर केटेनरिंग यांनी १९७१ मध्ये एकत्र मांडलेल्या अनेकसंची पद्धती उपलब्ध आहेत. पदव्युत्तर प्रबंधासाठी मात्र संचांच्या जोड्या घेऊन काम करणे समजायला सोपे जाते, आणि बहुधा तेवढे पुरते.

कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

‘आर’ ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. तिच्यात ‘कॅनकोर’ हे फलन मुळातच असते, आणि रिडन्डन्सी तसेच कॉरस्पॉन्डन्स विश्लेषणासाठी ‘वेगन’ हे पॅकेज आहे. पायथनमध्ये काम करणाऱ्यांना ‘सायकिट-लर्न’मध्ये कॅनॉनिकल विश्लेषण आणि पीएलएस दोन्ही मिळतात. ‘कॅनकोर’ लोडिंग देत नाही. मिश्रणांच्या किमती काढून मूळ चलांशी त्यांचा सहसंबंध आपण स्वतः काढावा लागतो.

एका खाडीत सापडलेले नाते दुसऱ्या खाडीत लागू होईल का?

हे तपासून पाहण्याजोगे आहे, आणि तपासणी अवघडही नाही. भाट्ये येथील नोंदींवरून मिळालेले भार जसेच्या तसे ठेवावेत. जयगडच्या नोंदी भाट्येच्याच सरासरी आणि प्रमाण विचलनाने प्रमाणित कराव्यात, त्यांवर ते भार लावून दोन मिश्रणे तयार करावीत आणि त्यांचा साधा सहसंबंध काढावा. नवीन भार शोधू नयेत. भाट्येला ०.७५ असलेला सहसंबंध जयगडला ०.६ आला, तर नाते बऱ्यापैकी टिकले असे म्हणता येते, ०.१ आला, तर पहिल्या आकड्यात योगायोगाचा वाटा मोठा होता किंवा शास्त्री नदीची खाडी खरोखरच वेगळी वागते, असे दोन अर्थ निघतात, आणि त्यांतील खरा कोणता हे ठरवण्यासाठी भाट्येला आणखी एका हंगामाच्या नोंदी घ्याव्या लागतात.